ताळा

(अंबाजोगाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षं बसले. गुणाकार सोडवून पाटी पुढे केली की गुरुजी उत्तराकडे बघायचेच नाहीत. विचारायचे, "ताळा केलास का?" उत्तर बरोबर असलं आणि ताळा केलेला नसला, तर पाटी परत. मला त्या वयात हा अन्याय वाटायचा. उत्तर बरोबर आहे ना, मग ताळा कशाला?

पुढे पुण्याला जाऊन मी ज्या कामावर पोट भरलं, ते काम म्हणजे ताळा करणं. डेटाबेस नावाच्या यंत्रणेच्या पोटात जे चालतं त्याचा ताळा, रोज, आणि माणसाच्या हाताने नव्हे तर आपोआप. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव आहे 'ऑटोमेटेड रिग्रेशन टेस्टिंग'. आज त्याविषयीच बोलायचं आहे. विषय अंबाजोगाईच्या सभागृहात परका वाटेल. पण आपल्यापैकी कुणाचा सातबारा संगणकावर नाही? कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा पीकविमा, कुणाचं बँकखातं संगणकावर नाही? बीड जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांतल्या माणसांची जमीन, धान्य, पैसा, हजेरी आज कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये आहे. म्हणून हा विषय पुण्या-बंगळुरूएवढाच केजचा आहे आणि शिरूर कासारचाही.

आधी गुरुजींचा ताळा मुलांना दाखवते, कारण आता तो शाळेत फारसा शिकवत नाहीत. ३४७ गुणिले २८. उत्तर ९७१६. आता ३, ४ आणि ७ यांची बेरीज १४, एक आणि चार पाच. २ आणि ८ यांचे दहा, म्हणजे एक. पाच गुणिले एक पाच. उत्तराचे आकडे मिळवा: नऊ, सात, एक, सहा, झाले २३, दोन आणि तीन पाच. पाचाला पाच. ताळा जुळला.

आता उत्तर लिहिताना हात चुकला आणि ९७१६ ऐवजी ९७६१ लिहिलं गेलं असं समजा. आकड्यांची बेरीज तीच, २३. ताळा जुळला! उत्तर मात्र पंचेचाळीसने चुकलं. ही गोष्ट मनात ठेवा. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. ताळा जुळला तर? तर एवढंच, की या ताळ्याला चूक सापडली नाही. माझं सगळं व्याख्यान या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

पहिली गोष्ट, ही चाचणी म्हणजे काय.

डेटाबेसचं सॉफ्टवेअर कधी पूर्ण होत नाही. पोस्टग्रेस नावाची जी मुक्त डेटाबेस यंत्रणा जगभर वापरतात, तिचं मूळ बर्कले विद्यापीठात १९८६ सालच्या प्रकल्पात आहे. म्हणजे चाळीस वर्षं तिच्यात माणसं रोज काहीतरी बदलत आली आहेत. एक भिंत सरळ करताना दुसऱ्या भिंतीला तडा जातो, हे गवंडीकाम करणाऱ्याला सांगायला नको. पण घराला तडा गेला तर दिसतो. डेटाबेसला गेलेला तडा दिसत नाही. तो उत्तर देतच राहतो, त्याच आत्मविश्वासाने, फक्त चुकीचं.

'रिग्रेशन' या शब्दाला मराठीत जड प्रतिशब्द काढलेले आहेत. मला आपल्या आजीचा शब्द जास्त नेमका वाटतो. ताप उतरला, चार दिवसांनी परत आला, तर आजी म्हणायची, "ताप उलटला." बरं झालेलं दुखणं उलटणं म्हणजे रिग्रेशन. आणि काल बरं केलेलं दुखणं आज उलटलं नाही ना, हे रोज नाडी धरून बघणं म्हणजे ही चाचणी.

ती करतात कशी? रीत इतकी साधी आहे की ऐकून नवल वाटेल. पोस्टग्रेसमध्ये प्रश्नांच्या फायली असतात. हा तक्ता बनव, त्यात या ओळी घाल, आता अमुक शोधून दाखव. शेजारच्या कप्प्यात त्या प्रश्नांची अपेक्षित उत्तरं, अक्षर-न्-अक्षर लिहून ठेवलेली. यंत्र सगळे प्रश्न विचारतं, आलेली उत्तरं तिसऱ्या कप्प्यात ठेवतं, आणि अपेक्षित व आलेलं एकमेकांशेजारी धरून ओळ-ओळ ताडून पाहतं. फरक नाही, तर 'ओके'. एका रिकाम्या जागेचा फरक असला तरी 'नॉट ओके', आणि फरकाची ओळ वेगळी काढून समोर. अशा दोनशेहून जास्त फायली आहेत. त्या गटागटाने एकाच वेळी चालवतात आणि एका गटात वीसपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत असा संकेत आहे. एक कमांड द्यायची, चहा प्यायचा, निकाल वाचायचा.

अक्षर-न्-अक्षर ताडून पाहणं आपल्याकडे नवं आहे का? आपण बसलो आहोत त्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा शके १११० चा विवेकसिंधु हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला? हातांनी नकला करत करत. इथेच दासोपंतांची पासोडी आहे, चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, त्यावर अख्खं पंचीकरण लिहिलेलं. ग्रंथ हातोहात उतरवला की पाठभेद शिरणारच. ज्ञानेश्वरीत ते इतके शिरले की पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, जुन्या प्रती समोर ठेवून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढच्यांना बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. हा बदलांवर घातलेला पहाराच होता. दोन प्रती शेजारी धरून फरक कुठे आहे हे दाखवायला आज यंत्राला क्षणही लागत नाही. पण या दोनांतला खरा पाठ कोणता? ते यंत्र सांगत नाही. ते नाथांनाच ठरवावं लागलं.

आणि इथेच माझी दुसरी गोष्ट सुरू होते. ती सांगताना मला आजही अवघड जातं.

अपेक्षित उत्तरांची फाईल कुठून येते? आकाशातून पडत नाही. चाचणी लिहिणारा माणूस प्रश्न लिहितो, यंत्राकडून एकदा उत्तर काढतो, ते डोळ्यांखालून घालतो, बरोबर आहे अशी खात्री करतो, आणि तेच 'अपेक्षित' म्हणून ठेवतो. खात्री करतो, हा शब्द महत्त्वाचा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका ठिकाणी अशीच एक चाचणी लिहिली. बेरजेचा प्रश्न होता, काही रकाने रिकामे होते. उत्तर आलं, आकडा दिसायला ठीक वाटला, संध्याकाळ झाली होती, मी तो जसाच्या तसा अपेक्षित म्हणून ठेवून दिला. हाताने बेरीज केली नाही. उत्तर चूक होतं. पुढे दोन वर्षं ती चाचणी रोज रात्री चालली आणि रोज 'ओके' आली. मधे एका सहकाऱ्याने मूळ चूक नकळत दुरुस्तही केली. तेव्हा माझी चाचणी लाल झाली, आणि चाचणी मोडली म्हणून त्याने बिचाऱ्याने आपली दुरुस्ती मागे घेतली.

कळतंय का काय झालं? माझी चाचणी चुकीची राखण करत होती. खऱ्या उत्तराला तिने दारातून हाकलून लावलं. चाचणी नसती तर ती चूक तेव्हाच गेली असती. त्या दिवसापासून नव्या मुलांना मी गुरुजींचाच प्रश्न विचारते, फक्त एक शब्द घालून: ताळा *हाताने* केलास का?

आता तिसरी गोष्ट. यात पुणं येतं, आणि समजायला सातबारा लागतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपला सातबारा गट नंबराप्रमाणे असतो. पण एखाद्या खातेदाराची सगळी जमीन किती, हे हवं असेल तर प्रत्येक गट उलटत बसायचा का? नाही. त्यासाठी आठ-अ असतो. नावावरून गट सापडतात. डेटाबेसमध्ये याला इंडेक्स म्हणतात. सातबारा म्हणजे मूळ तक्ता, आठ-अ म्हणजे इंडेक्स. आणि फेरफार झाला की जुनं नाव आपण खोडून फेकतो का? कंस करतो आणि नवं लिहितो. पोस्टग्रेसही तेच करतं. जुनी ओळ लगेच मिटवत नाही, नवी ओळ लिहितं, कारण त्याच क्षणी दुसरं कुणीतरी जुनी ओळ वाचत असू शकतं. कंसातल्या ओळी नंतर सवडीने झाडून काढतात.

यात अडचण अशी की प्रत्येक नव्या ओळीसाठी प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे. बदल झाला मोबाइल नंबरात आणि आठ-अ मात्र पुन्हा लिहायचा, असला प्रकार. २००८ च्या फेब्रुवारीत आलेल्या ८.३ आवृत्तीत यावर एक सुंदर तोड आली, तिचं नाव 'हॉट'. बदललेला रकाना कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल, तर इंडेक्सला हात लावायचा नाही. जुन्या ओळीकडून नव्या ओळीकडे त्याच पानावर एक साखळी बांधायची. ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत पुढे होते पुण्यात राहून पोस्टग्रेसवर काम करणारे पवन देवलसी.

आता दुसरी सोय ऐका. चालू कामकाज न थांबवता नवा इंडेक्स बांधणे. कचेरी उघडी आहे, फेरफार चालू आहेत, आणि मागच्या खोलीत नवा आठ-अ तयार होतो आहे. किती सोयीचं! पण हॉटचा नियम आठवा: बदललेला रकाना कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल तर. नवा आठ-अ सुरू झाला त्या क्षणी एक नवा रकाना यादीत आला. कचेरीत बसलेल्या प्रत्येकाला ही बातमी कळायला हवी. समजा, नेमकी बातमी येत असताना एकाच्या हातात यादीचा जुना कागद राहिला, आणि त्याने त्या जुन्या कागदावरून ठरवलं की हा रकाना कुठे इंडेक्समध्ये नाही, साखळीने भागेल. झालं. सातबाऱ्यावर नोंद बरोबर, पण नव्या आठ-अ मधली नोंद चुकीची. शेतकरी आहे, जमीन आहे, आणि नावाने शोधलं तर सापडत नाही.

हा दोष सापडला २०१७ च्या सुरुवातीला. सापडवला पवन देवलसी यांनीच. ते एका नव्याच कल्पनेवर काम करत होते आणि तिच्यावर प्रचंड ताण देऊन चाचण्या चालवत होते. इंडेक्स आणि तक्ता यांचा मेळ बसेना. साहजिकच आधी वाटावं की आपल्याच नव्या कामात खोट आहे. त्यांनी माग काढत काढत शोधलं, तेव्हा दोष जुन्या पायात निघाला. ९ फेब्रुवारी २०१७ ला दुरुस्ती आली, आणि तेव्हा चालू असलेल्या पाचही आवृत्त्यांत, ९.२ पासून ९.६ पर्यंत, ती करावी लागली. सोबत सूचना होती की अशा रीतीने बांधलेले इंडेक्स संशयास्पद वाटले तर नव्याने बांधून घ्या.

ज्या नव्या कल्पनेसाठी ती चाचणी चालू होती, ती पुढे पोस्टग्रेसमध्ये गेली नाही. तिच्या चाचणीने मात्र जगभरच्या डेटाबेसांतली एक जुनी खोट निघाली. या गोष्टीबद्दल मला पवन देवलसींचा फार आदर वाटतो. आपल्याच हातच्या जुन्या कामाच्या शेजारी चूक निघाली, तेव्हा ती उघड्यावर मांडायला निर्मळ मन लागतं.

प्रश्न असा, की इतक्या काळात रोज चालणाऱ्या त्या फायलींना हे का दिसलं नाही? कारण फायली गटाने चालल्या तरी प्रत्येक फाईल आपले प्रश्न एकामागून एक विचारत होती. हा दोष दोन माणसं एकाच वेळी, अमुक एका क्षणी कचेरीत आली तरच उद्भवत होता. एकट्या माणसाला कितीही प्रश्न विचारा, भांडण दोघांतच होणार. यासाठी २०११ मध्ये, ९.१ आवृत्तीच्या वेळी, वेगळं साधन आलं होतं: दोन-तीन सत्रं घ्यायची, त्यांची पावलं निरनिराळ्या क्रमाने टाकून पाहायची. पण एका पावलाच्या *आत* जो क्षण आहे तिथे थांबवणार कसं? ती सोय थेट २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत आली. आता चाचणी लिहिणारा कोडमध्ये नेमक्या जागी खुंटी ठोकून म्हणू शकतो, इथे थांब, दुसऱ्याला जाऊ दे, मग तू चल. आणि आठ-अ व सातबारा यांचा थेट ताळा घेणारं साधनही आहे, 'ॲमचेक' नावाचं. २०१७ पासून ते इंडेक्सची घडण तपासतं. २०१८ पासून तक्त्यातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का, हेही पाहतं.

दुखणं त्या सांध्याला पुन्हा झालं बरं का. २०२१ च्या सप्टेंबरात चौदावी आवृत्ती आली, तिच्यातल्या एका सुधारणेने चालू कामकाजात इंडेक्स बांधण्याची हीच सोय पुन्हा बिघडवली, आणि २०२२ च्या जूनमध्ये खास १४.४ आवृत्ती काढावी लागली. ताप उलटला.

चाचणीला अवघड जाणारं दुसरं संकट विजेचं. त्याबद्दल मी थोडंच बोलते, कारण वीज जाणं म्हणजे काय हे मी बीडकरांना काय सांगणार! डेटाबेसने एकदा 'झालं' म्हटलं की दुसऱ्या क्षणाला वीज गेली तरी ते झालेलंच राहिलं पाहिजे, हे त्याचं ब्रीद. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेलं एसक्यूलाइट नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर मुद्दाम वीज गेल्याचं, डिस्क बिघडल्याचं, मेमरी संपल्याचं सोंग घेऊन चाचण्या करतं. त्याच्या कर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ कोडच्या सुमारे ५९० पट त्यांच्या चाचण्यांचा कोड आहे. त्यांचा नेमही गुरुजींना आवडला असता: चूक दुरुस्त केली म्हणजे काम झालं नाही, ती चूक दाखवणारी चाचणी लिहिली म्हणजे झालं. आणि इतकं करूनही पायाखालचं गृहीतकच चुकीचं असलं तर? २०१८ मध्ये असं लक्षात आलं की डिस्कवर लिहिण्यात लिनक्स या संगणक-प्रणालीला अडथळा आला, तर ती एकदा तशी सूचना देते आणि पुढच्या वेळी विचारल्यावर 'ठीक आहे' म्हणते. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत होतं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ते पहिल्या सूचनेलाच काम थांबवतं आणि आपल्या बदलांच्या नोंदवहीवरून पुन्हा उभं राहतं.

शेवटची गोष्ट मी आपल्यासाठी राखून ठेवली आहे, कारण ती आपल्या माणसांची आहे आणि आपल्या अक्षरांची.

आधी माणसं. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. समजा, त्यांच्या एका योजनेसाठी कुणी डेटाबेसला विचारलं: नोंदवलेल्या कामगारांची नावं आणि त्यांचे खाते क्रमांक काढून दे. कामगारांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, दोन्हींची जोडणी. साधी जोडणी केली तर ज्या बाईचं खातंच नाही ती यादीतून गळते. 'खाते नाही' असं लिहून येत नाही, ती बाईच येत नाही. आता या प्रश्नाची चाचणी करायला तुम्ही तीन कामगार घेतलेत आणि तिघांचीही खाती आहेत, तर? बरोबर प्रश्न आणि चुकीचा प्रश्न, दोन्ही तेच उत्तर देतील. ९७१६ आणि ९७६१.

मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक एस. सुदर्शन यांच्या गटाने नेमक्या यावर काम केलं, 'एक्सडेटा' नावाने. डेटाबेसवरचं जे पाठ्यपुस्तक देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवतात, त्याच्या तीन लेखकांपैकी ते एक. त्यांची रीत अशी: दिलेल्या प्रश्नात माणूस कुठे-कुठे चुकू शकतो याची थोडी-थोडी बिघडवलेली रूपं करायची, आणि मग प्रत्येक बिघडलेलं रूप उघडं पाडील अशी माहिती यंत्रानेच तयार करायची. म्हणजे आपल्या उदाहरणात यंत्र स्वतःहून एक अशी कामगार बाई निर्माण करील, जिचं खातं नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, शास्त्राने प्रथमच यादीतून गळणाऱ्या माणसाला यादीच्या परीक्षेला बसवलं.

चाचणीच्या माहितीतून कोण गळतं, हे पोस्टग्रेसमध्येही दिसतं. तिच्या चाचण्यांत एक दहा हजार ओळींचा तक्ता आहे. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मोजमापासाठी तसे तक्ते बनवले गेले, तिथून तो वारशाने आला. उत्तम तक्ता आहे. त्यात आकडे आहेत, रोमन अक्षरं आहेत. पण त्यात आपलं धारूर नाही, वडवणी नाही.

आता अक्षरं. 'शेतकऱ्यांची' हा शब्द घ्या. बीड जिल्ह्यात याहून जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द असेल का? त्यातला अर्धा र, मी बोटाने हवेत काढते तो, संगणकात निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो. एक, साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन, नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त. तीन, साधा र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. डेटाबेस मात्र आतले आकडे बघतो, आणि त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. एका कचेरीत एका कळफलकावर नाव टंकलं, दुसऱ्या कचेरीत दुसऱ्या कळफलकावर शोधलं: "या नावाची नोंद नाही." सिंदफणेच्या खोऱ्यातल्या कुठल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुम्ही समजावणार की काका, तुमच्या नावातला र वेगळा आहे? दुसरा आणि तिसरा प्रकार एक करायची सोय पोस्टग्रेसमध्ये २०२० पासून आहे. पहिल्या प्रकाराला ती लागू पडत नाही, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या, नियमांत तो बाकी दोघांशी समान धरलेलाच नाही. 'ॲ' चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं.

आणि क्रम? मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. नेहमीचा इंडेक्स क्रमावर उभा असतो. क्रम बदलला की इंडेक्स खोटा पडतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या मूळ कोड-लायब्ररीची, ग्लिबसीची, २.२८ आवृत्ती आली आणि शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. आधी '११' पुढे आणि '१-१' मागे होतं, ते उलटं झालं. कुणीतरी चांगल्या हेतूने संगणकाची प्रणाली अद्ययावत केली, डेटाबेसला कुणी हातही लावला नाही, आणि जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स रातोरात अविश्वसनीय झाले. त्यात गट क्रमांक असते तर? नोंद तिथेच आहे, पण शोधणारा नव्या क्रमाप्रमाणे दुसऱ्याच कपाटात बघतो आहे.

भाषेच्या क्रमाच्या चाचण्या पोस्टग्रेसमध्ये आहेत. स्वीडिश अक्षर कुठे बसतं, जर्मन टेलिफोनच्या पुस्तकातला क्रम कसा, तुर्कीतला बिनटिंबाचा आय कसा वागतो, हे तपासणाऱ्या ओळी मी वाचल्या आहेत. त्या कुणी लिहिल्या? ती अक्षरं ज्यांना माहीत होती, त्यांनी. कुणी कुणाच्या भाषेचा द्वेष करत नाही. ज्याला ठेच लागते त्यालाच दगड माहीत असतो, इतकंच. मग शेतकऱ्यांच्या र ची ओळ कुणी लिहायची? ळ, क्ष, ज्ञ ची ओळ कुणी लिहायची? बर्लिनमधला माणूस लिहील का? त्याला दगड दिसणारच नाही.

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. २००४ पासून अँड्र्यू डन्स्टन यांनी सुरू केलेली एक 'बिल्ड फार्म' आहे. जगभरातले लोक आपापले संगणक तिला जोडतात, प्रत्येक संगणकाला एका प्राण्याचं नाव मिळतं, आणि पोस्टग्रेसमध्ये कुणीही काही बदललं की हे प्राणी आपापल्या गोठ्यात सगळ्या चाचण्या चालवून निकाल कळवतात. नवा, वेगवान संगणकच हवा असं नाही. जुना, वेगळ्या घडणीचा संगणक कधीकधी अशी चूक पकडतो जी नव्यांना दिसत नाही. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत कपाटाखाली असे संगणक पडून आहेत.

संयोजकांनी उद्या सकाळी नऊ वाजता वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे. मी माझा संगणक आणते आहे. विद्यार्थ्यांनी येताना एक कागद आणावा. त्यावर आपल्या गावाचं नाव, शेजारच्या चार वस्त्यांची नावं, आणि घरातल्या सगळ्यांची आडनावं, आजोळची धरून. ज्यांच्या नावात अर्धा र आहे, ळ आहे, क्ष किंवा ज्ञ आहे, त्यांनी नक्की या. आपण ती तिन्ही प्रकारांनी टंकू, डेटाबेसला विचारू, आणि तो काय म्हणतो ते लिहून घेऊ. अपेक्षित उत्तरांची फाईल मात्र यंत्राकडून काढायची नाही. नावांचा क्रम आधी फळ्यावर हाताने लावायचा. फळ्यावरचं सगळ्यांना पटलं की मगच फाईलमध्ये उतरवायचं.